सिक्युरिटी चेक: सेवा म्हणून बघितली तर कशी आहे?

हॉटेलचा रिव्ह्यू आपण लिहितो, एअरलाइनचा लिहितो, सीट कशी होती, विमान किती लेट झालं, बॅग फुटली का, सगळ्यावर लिहितो. पण ज्या एका सेवेतून प्रत्येक विमान प्रवाशाला जावंच लागतं, जिचे पैसे बहुतेक ठिकाणी तिकिटातच धरलेले असतात, त्या सिक्युरिटी चेकचा रिव्ह्यू काही कोणी लिहीत नाही. मला वाटतं लोक कचरतात, कारण त्याबद्दल जरा वाकडं बोललं की लगेच "तुला लोकांच्या जिवाची किंमत नाही का" असं ऐकून घ्यावं लागतं. किंमत आहे म्हणूनच लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. या सेवेचा जो भाग आपल्याला दिसत नाही तो फार चांगला आहे, पाचपैकी पाच. जो दिसतो त्यातला निम्मा कामाचा आणि निम्मा जुन्या घटनांना दिलेलं उत्तर आहे, त्याला मी अडीच देईन. आणि या सगळ्याच्या मुळाशी जी दहशतवादाची भीती बसलीय ती खऱ्या धोक्याच्या मानाने अवाढव्य झालीय, तिला मला एकही स्टार द्यायचा नाही, कारण तिने माणसं मारलीयत. कशी ते पुढे येईलच.

आधी चांगलं. मेटल डिटेक्टर आणि बॅगेचा एक्स-रे ही मूळ तपासणी हवीच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत शंभरावर विमानं पळवली गेली किंवा पळवायचा प्रयत्न झाला, कोणीही पिस्तूल खिशात घालून सरळ विमानात चढायचं. जानेवारी १९७३ पासून तिथे सरसकट तपासणी सुरू झाली आणि हा प्रकार एकदम खाली आला. आजही टीएसए म्हणजे तिथली विमानतळ सुरक्षा संस्था, तिला एकट्या २०२३ साली प्रवाशांच्या हँडबॅगांमध्ये ६,७३७ बंदुका-पिस्तुलं सापडली, त्यातली बहुतेक लोडेड. हे सगळे दहशतवादी नव्हते हो, बॅगेत आहे हेच विसरलेले लोक जास्त, पण लोडेड पिस्तूल घेऊन कोणी माझ्या शेजारी बसू नये एवढी अपेक्षा रास्तच आहे. तेवढ्यासाठी मी रांगेत आनंदाने उभी राहते.

अडचण त्यानंतर एकेक करून वर चढत गेलेल्या नियमांची आहे. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटात दडवलेला बॉम्ब काडीने पेटवायचा प्रयत्न केला. काडीचा वास आला म्हणून विमानातल्या कर्मचारी बाईने बघितलं, तिने आणि प्रवाशांनी मिळून त्याला आवळून बांधला. म्हणजे पकडला कोणी, तर विमानातल्या साध्या माणसांनी. पण उत्तर म्हणून बूट काढणं आलं, अमेरिकेत २००६ पासून ते सगळ्यांना सक्तीचं झालं आणि बंद झालं जुलै २०२५ मध्ये. जवळजवळ १९ वर्षं. एका माणसाच्या एका फसलेल्या प्रयत्नासाठी १९ वर्षं रोज लाखो लोक मोज्यांवर त्या थंड फरशीवरून चालले, त्यात म्हातारी माणसं, गरोदर बायका, पायाला सूज असलेले, सगळेच आले. आणि त्याच काळात जगातल्या कितीतरी विमानतळांवर बूट काढायला लावतच नव्हते आणि तिथली विमानं काही बुटातल्या बॉम्बने पडत नव्हती. मग हा नियम इतकी वर्षं कशाच्या जोरावर चालला, हे कोणीतरी विचारायला हवं होतं.

लिक्विडचं तर त्याहून. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये एक कट उघडकीला आला, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमध्ये स्फोटक द्रव भरून अटलांटिकवरून जाणाऱ्या बऱ्याच विमानांत एकाच वेळी स्फोट करायचे. कट खरा होता, भयंकर होता, याबद्दल काही दुमत नाही. पण तो पकडला पोलिसांनी आणि गुप्तहेर खात्याने, कित्येक दिवस पाळत ठेवून, आणि ती माणसं विमानतळापर्यंत पोचायच्या आधी त्यांच्या मुसक्या आवळल्या. दुसऱ्या दिवसापासून ब्रिटनमध्ये हँडबॅगच बंद, पासपोर्ट-पाकीट पारदर्शक पिशवीत घालून न्या, फोन-लॅपटॉप सगळं खाली जाऊ दे, आणि तान्ह्या बाळाचं दूध न्यायचं असेल तर आईबापाने ते तिथे सगळ्यांसमोर चाखून दाखवायचं. ते पहिले काही दिवस मी समजू शकते, कटातले सगळे सापडलेत की नाही हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. पण तात्पुरता म्हणून आलेला इलाज हँडबॅगेतल्या लिक्विडवरच्या १०० मिलीच्या मर्यादेच्या रूपात कायमचा मुक्काम करून बसला.

आणि १०० मिली सुद्धा आतल्या मालाचं नाही, डबीवर छापलेल्या आकाराचं. १५० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला चमचाभर क्रीम उरलंय हे डोळ्यांनी दिसत असतं तरी ती ट्यूब कचऱ्यात. मला यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते हे की ज्या बाटलीत स्फोटक असू शकतं अशा संशयाने ती काढून घेतली, ती त्याच रांगेजवळच्या उघड्या पिंपात टाकतात, जिथे दोनेकशे माणसं खेटून उभी आहेत. खरंच संशय असता तर असं केलं असतं का? म्हणजे ती बाटली निरुपद्रवी आहे हे टाकणाऱ्यालाही माहीत आहे आणि टाकायला लावणाऱ्यालाही.

बरं आता मशीन सुधारल्यात. हॉस्पिटलमधल्या सीटी स्कॅनसारखं तंत्र वापरणारे नवे स्कॅनर आलेत, बॅगेचं थ्री-डी चित्र मिळतं, ते स्क्रीनवर सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतं, त्यामुळे लॅपटॉप आणि बाटल्या बाहेर काढायची गरज राहत नाही. जुलै २०२५ पासून ब्रिटनमधल्या एडिनबरा आणि बर्मिंगहॅम विमानतळांवर २ लिटरपर्यंतच्या बाटल्या चालायला लागल्या. पण त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, युरोपियन युनियनने नवे स्कॅनर बसवलेल्या विमानतळांवर सुद्धा १०० मिलीची मर्यादा परत आणली होती. त्यामुळे आज एका विमानतळावर बॅगेतून पाण्याची बाटली जाते आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर तिथे तीच बाटली गुन्हा ठरते, तेव्हा निघायच्या आधी दोन्ही ठिकाणचे नियम बघून घ्या, एक बघून भागत नाही.

२००९ च्या नाताळला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात शिवलेलं स्फोटक पेटवलं, तेही नीट पेटलं नाही, त्यालाही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनीच धरलं. यानंतर बॉडी स्कॅनर सगळीकडे पसरले. पण या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे, त्या मुलाच्या सख्ख्या बापाने महिनाभर आधी अमेरिकन वकिलातीत जाऊन सांगितलं होतं की माझा मुलगा कट्टर लोकांच्या नादी लागलाय, लक्ष ठेवा. एवढी माहिती हातात असून त्याचा व्हिसा चालूच राहिला. म्हणजे गडबड कुठे झाली, तर कागदावर, ऑफिसात, आणि भुर्दंड कोणाला, तर हात वर करून काचेच्या खोक्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता त्या स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसांबद्दल, कारण प्रवासी सगळा राग त्यांच्यावर काढतात आणि ते मला पटत नाही. एकदा रांग अडली होती तेव्हा मी ऑपरेटरच्या मागच्या बाजूला बराच वेळ उभी होते आणि तिची स्क्रीन तिरकी दिसत होती. कपडे, पुस्तकं, साबण असलं सगळं नारिंगी, जाड धातू निळा, मधलं काहीतरी हिरवं, आणि चार्जरच्या वायरींचा असा गुंता की नुसतं बघून डोकं गरगरावं. एका बॅगेला काही सेकंद. ती बाई एक हात बटणावर ठेवून मान पुढे काढून बसलेली, बेल्ट पुढे, थांब, मागे, परत पुढे, आणि शेजारून लोकांची बडबड चालूच, "अहो लवकर करा, बोर्डिंग सुरू झालंय." युरोपात नियमच आहे की साधारण २० मिनिटांच्या वर सलग स्क्रीन बघायची नाही, मग किमान १० मिनिटं दुसरं काम. मध्येमध्ये मशीन स्वतःच बॅगेच्या चित्रात खोटं पिस्तूल किंवा बॉम्ब घुसवतं, ऑपरेटर जागा आहे का बघायला. आणि हे लागतंच, कारण जे जवळजवळ कधीच सापडत नाही ते शोधत राहणं माणसाच्या मेंदूला जमत नाही. जेरेमी वुल्फ या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला, बॅगांच्या चित्रांत शोधायची वस्तू निम्म्या वेळा असेल तर लोकांच्या नजरेतून ती साधारण ७ टक्के वेळा सुटायची, आणि शंभरात एकदाच असेल तर तब्बल ३० टक्के. खऱ्या आयुष्यात बॉम्ब शंभरात सोडाच, कोट्यवधी बॅगांत एकही नसतो. त्यामुळे २०१५ साली अमेरिकेत सरकारच्याच माणसांनी वेश बदलून चाचणी घेतली आणि ७० पैकी ६७ वेळा नकली हत्यारं-बॉम्ब आत गेले अशी बातमी आली तेव्हा लोक हादरले, मला त्या कर्मचाऱ्यांची कीव आली. त्यांना जे काम दिलंय ते मुळातच अवघड, त्यात बाटल्या, नेलकटर, बूट असली शंभर फालतू व्यवधानं मागे लावली तर खरं पिस्तूल सुटणारच की.

पण याच आकड्यात दिलासा सुद्धा आहे, नीट बघा. तपासणीला इतकी भोकं असूनही विमानं रोज सुखरूप उतरतात. कारण असं काही करायला निघणारी माणसं जगात अगदी मोजकी असतात, आणि जी असतात त्यांना बहुतेक वेळा आधीच कुठेतरी गाठलं जातं किंवा त्यांचा बेत त्यांच्याच हाताने फसतो.

न दिसणाऱ्या कामाला पाच स्टार का, ते सांगते. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने फुटलं, ३२९ माणसं गेली. ज्याने बॉम्बची बॅग चेक-इन केली तो विमानात चढलाच नव्हता. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर एक विमान असंच बॉम्बने फुटलं, २७० माणसं गेली, तिथेही बॅगेबरोबर माणूस नव्हता. आता आंतरराष्ट्रीय फ्लाइटला प्रवासी आला नाही तर त्याची बॅग पोटातून शोधून खाली उतरवतात आणि मगच विमान हलतं. आपण आत बसून घड्याळ बघत चिडतो, "एका माणसासाठी सगळ्यांचा खोळंबा." तो खोळंबा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, त्या अर्ध्या तासाबद्दल मी कधीही तक्रार करणार नाही. दुसरं म्हणजे कॉकपिटचं दार. ११ सप्टेंबर २००१ च्या आधी ते एका लाथेत उघडेल असं होतं, आता बुलेटप्रूफ आणि आतून बंद. ब्रूस श्नायर हे सुरक्षेतले नावाजलेले तज्ज्ञ कित्येक वर्षं सांगतायत की २००१ नंतर विमानप्रवास खरा सुरक्षित केला तो दोनच गोष्टींनी, एक हे दार आणि दुसरं म्हणजे आता हातपाय हलवले पाहिजेत हे प्रवाशांना कळलं. बाकीच्या बऱ्याच गोष्टींना ते सुरक्षेचं नाटक म्हणतात. अर्थात दाराचीही किंमत मोजावी लागली, मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने कॅप्टनला बाहेर ठेवून तेच दार आतून बंद केलं आणि विमान आल्प्समध्ये घातलं, १५० माणसं. कुठलाही उपाय फुकट येत नाही, हे नियम करणाऱ्यांनी आणि आपणही लक्षात ठेवायला हवं.

आता भीतीकडे येते. २००१ च्या हल्ल्यात जवळपास ३,००० माणसं गेली, ते दुःख लहान करायचा माझा अजिबात हेतू नाही. पण त्यानंतर अमेरिकेत लोकांनी विमान सोडून गाडी धरली. गर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या मृत्यूंचा हिशोब मांडला, त्याच्या अंदाजाने पुढच्या १२ महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे १,६०० लोक जास्त मेले, केवळ विमानाच्या भीतीने गाडीने निघाले म्हणून. हल्ल्यात पळवलेल्या चार विमानांत मिळून जेवढे निरपराध लोक गेले त्याच्या सहापट. त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत, कारण ते एकेक करून, वेगवेगळ्या रस्त्यांवर गेले. हे वाचलं तेव्हापासून भीती ही निव्वळ मनातली गोष्ट आहे असं मला म्हणवत नाही.

जगात रस्त्यावर दर वर्षी साधारण ११.९ लाख माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, म्हणजे रोज ३,२०० च्या वर. रोज एक ११ सप्टेंबर. तरी गाडीत बसताना आपल्याला कोणी बूट काढायला लावत नाही, आणि मागच्या सीटवर बेल्ट लावा म्हटलं तर लोकांना राग येतो. मी घाबरट लोकांना हसत नाहीये, माझ्या घरातही विमानात बसायच्या आदल्या रात्री न झोपणारी माणसं आहेत. मेंदूच तसा आहे, जे टीव्हीवर पुन्हा पुन्हा दिसतं, जे एकदम होतं, जे कोणीतरी मुद्दाम करतं, ते मोठं वाटतं. पण नियम करणाऱ्यांनी तरी भीतीवर नाही, हिशोबावर चालावं ना.

हिशोबच करायचा तर एक माझा घ्या. वर्षाला जवळपास ५०० कोटी विमानप्रवास होतात. समजा निरुपयोगी नियमांमुळे प्रत्येक वेळी फक्त १० मिनिटं जास्त जातात. ५,००० कोटी मिनिटं, म्हणजे ९५,००० वर्षं. एक आयुष्य ७० वर्षांचं धरलं तर दर वर्षी साडेतेराशे अख्खी आयुष्यं रांगेत उभी राहून संपतात. आणि ती रांग तरी सुरक्षित आहे का? २०११ मध्ये मॉस्कोच्या दोमोदेदोवो विमानतळावर आगमनाच्या हॉलमध्ये स्फोट झाला, मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सला चेक-इनच्या हॉलमध्ये. दोन्ही ठिकाणी हल्लेखोरांना विमानाजवळ जायची गरजच पडली नाही, माणसांची गर्दी पुरली. तपासणी जितकी लांबवाल तितकी अलीकडची गर्दी वाढणार.

वागणुकीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण सेवेचा रिव्ह्यू म्हणजे तेच. अंगझडती घेताना एका ठिकाणी बाईने आधी नीट सांगितलं, "आता पाठीवर हात फिरवते, मग कमरेच्या पट्ट्यात दोन बोटं घालते, चालेल ना, बाजूच्या खोलीत जायचंय का?" सगळं एका मिनिटात झालं आणि मला काही वाटलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी न सांगता हात, वर आवाज चढवून "हात वर." नियम तोच, मशीन तेच, पण दुसऱ्या ठिकाणाहून मी अपराधी असल्यासारखी बाहेर पडले. तिथेच माझ्या पुढे एक आजोबा होते, पट्टा ट्रेमध्ये गेलेला, एका हाताने पँट धरलेली, दुसऱ्या हातात बोर्डिंग पास, आणि त्यांना दोन्ही हात वर करा म्हणून सांगत होते. ते दोनदा "अहो, एक मिनिट" म्हणाले. कोणी थांबलं नाही. हे सुरक्षेचं काम नाही, हे नुसतं दामटणं आहे, आणि याला कुठलाही दहशतवादी जबाबदार नाही. ज्यांना नाव, दाढी, पगडी, हिजाब किंवा रंग बघून दर वेळी बाजूला घेतात त्यांना तर हा अनुभव रोजचा, "सहजच निवडलंय" असं सांगतात पण त्यांचीच निवड इतक्या वेळा कशी होते हे तेही बघतात आणि रांगेतले बाकीचेही बघतात.

जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. औषधं आणि बाळाचं दूध १०० मिलीच्या वर सुद्धा बहुतेक ठिकाणी नेता येतं, फक्त आधीच काढून दाखवा. इन्सुलिन पंप, पेसमेकर, शरीरात धातूची पट्टी काही असेल तर मशीनच्या आधी सांगा आणि खासगीत तपासणी मागा, मागायला लाजू नका. स्फोटकाचे कण शोधायला हातावर कापडाची पट्टी फिरवून ती मशीनमध्ये घालतात तेव्हा कधीकधी हँड क्रीममुळे सुद्धा अलार्म वाजतो, घाबरू नका, परत तपासतात आणि सोडतात. आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, हँडबॅगेतच ठेवा, बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, पोटातल्या सामानात लवकर कळतही नाही. लोक हा नियम सुद्धा दहशतवादाच्याच खात्यात टाकून वैतागतात, पण त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि मला विचाराल तर आज विमानात बसताना बाटलीपेक्षा कोणाच्या तरी फुगलेल्या पॉवर बँकेची काळजी करणं जास्त शहाणपणाचं आहे.

आणि सेवा चालवणाऱ्यांकडे माझी मागणी एकच आहे, प्रत्येक नव्या बंदीला मुदत लावा. घटना घडली, बंदी आणा, हरकत नाही, पण दोन वर्षांनी ती आपोआप संपली पाहिजे, आणि चालू ठेवायची असेल तर तिने काय साधलं, किती वेळ घेतला, किती लोकांना त्रास झाला हे उघडपणे मांडून परत मंजूर करून घ्या. तसं झालं तर माझे अडीच स्टार मी लगेच चार करीन.